मतलई

“आधी पडायला शिका,” जगन्नाथ खवणेकर म्हणाले. “बसणं मग.”

ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि मी त्या पिवळ्या प्लास्टिकच्या कयाकवर, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, पाठ ताठ करून बसले होते. चोपन्न वर्षांची बाई, अंगात सलवार-कमीज, वर नारिंगी फुगीर जाकीट. खाडीच्या काठावर दोन बायका शिंपले वेचत होत्या. त्या वेचायच्या थांबल्या.

“मुद्दाम पडू?”

“मुद्दाम. कधी ना कधी आपोआप पडणारच आहात. तेव्हा घाबराल. आज ठरवून पडा.”

मी पडले. नाकातोंडात खारट पाणी गेलं, जाकिटाने मला बुचासारखं वर ढकललं, आणि डोळे उघडले तर कयाक शांतपणे बाजूला डुलत होती, जशी काही मी तिच्यावर कधी बसलेच नव्हते. मग वर चढायचं. आधी पोटावर आडवं पडायचं, पाय मारत छाती पलीकडच्या कडेपर्यंत न्यायची, मग अंग वळवून बूड टेकवायचं. पहिल्या दिवशी मला ते एकदाही जमलं नाही. काठावरच्या बायका हसल्या आणि पुन्हा शिंपल्यांकडे वळल्या. खवणेकर हसले नाहीत.

“एसटीत नवीन ड्रायव्हर पण असाच असतो,” ते म्हणाले. “गाडी पुढे कोणीही नेतो. रिव्हर्स घेताना कळतं.”

ते एसटीतूनच निवृत्त झाले होते. जात गाबिताची, बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा, पण त्यांची सगळी उमर घाट चढण्या-उतरण्यात गेली होती. काही वर्षं ते मिरजेच्या मुक्कामी गाडीवर होते. इथल्या, काजरखोल गावातल्या दुकानात मी मिरजेची आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो स्टँडमागच्या चहाच्या गाडीचा. ती गाडी उठून गेली, असं मी सांगितलं, तर त्यांना खरंच वाईट वाटलं.

मी काजरखोलला आले ती आई गेल्यानंतर. लग्न केलं नव्हतं. टेलिफोन ऑफिसातली नोकरी आणि अंथरुणाला खिळलेली आई, या दोन खुंट्यांमध्ये माझी वर्षं बांधलेली होती. आई गेली, नोकरीतून मी आधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, आणि एका सकाळी लक्षात आलं, की उठण्यासाठी काही कारणच उरलेलं नाही. ऑफिसच्या सहलीत एकदा ही खाडी पाहिली होती. कुठे तरी जायचंच होतं. मुंबईला राहणाऱ्या एका कुटुंबाचं घर इथे रिकामं होतं, त्यातल्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. भावाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, “बरं झालं, हवापालट होईल.”

हवापालट झाला. पण गावात माझं कोणी नव्हतं, आणि माझं असं कोणी नाही याची गावाला अडचण नव्हती. लोक वाईट नव्हते. वाटेत दिसले की मान हलवायचे. कित्येक दिवस असे जायचे, की दुकानात “दूध” म्हणण्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द निघालेला नसायचा. संध्याकाळी मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. गळा बसू नये म्हणून.

त्यामुळे खवणेकरांनी पाण्यावर चला म्हटलं, तेव्हा मी एका शब्दाने हो म्हणाले. त्यांच्या पुतण्याने पर्यटकांसाठी कयाक आणल्या होत्या, धंदा चालला नाही, तो गोव्याला निघून गेला. दोन कयाक त्यांच्या मागच्या अंगणात माडाला टेकवून उभ्या होत्या. “एक माझी, एक तुमची,” ते म्हणाले. “उन्हात तडकण्यापेक्षा पाण्यात भिजूदेत.”

पडता येऊ लागल्यावर बसता आलं, बसता आल्यावर वल्हवता. मग त्यांनी गरी काढली. गरी म्हणजे गळाचा आकडा, आणि गळ टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. हा शब्द मला फार आवडला. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, शिशाचा तुकडा, त्याखाली गरी, गरीला सोललेली कोळंबी. लहान दांडी मांड्यांत आडवी धरायची आणि तंगूस तर्जनीवरून जाऊ द्यायचा, म्हणजे खालचं बोटाला कळतं.

“काय कळतं?”

“ते सांगून नाही समजणार.”

आमच्या घरात मासे कधी शिजले नव्हते. मी तोवर मासा खाल्ला नव्हता, हातातही धरला नव्हता. एका सकाळी खाडीच्या मुखाच्या अलीकडे, जिथे पाणी गोल फिरतं तिथे, माझ्या बोटावरचा तंगूस थरथरला. कोणी दार हळूच वाजवावं तसा. मी दांडी उचलायला गेले.

“थांबा,” खवणेकर दुसऱ्या कयाकवरून हळू आवाजात म्हणाले. “खाऊ दे त्याला. परत विचारेल.”

परत थरथरला. मग ओढलं. खालून कोणीतरी मला ओढत होतं आणि मी त्याला. वर आला तो शेंगाळा, वीतभर, मिशावाला. मी कौतुकाने हात लावला आणि त्याचा काटा अंगठ्यात घुसला. खांद्यापर्यंत कळ गेली. खवणेकरांनी माझी कयाक ओढत काठाला नेली, घरून गरम पाणी आणवलं आणि हात त्यात बुडवून ठेवायला लावला. पाणी आणून दिलं ते त्यांच्या सुनेने, स्वप्नालीने. तिने तांब्या ठेवला, एकदा माझ्या अंगठ्याकडे आणि एकदा सासऱ्यांच्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, आणि घराकडे वळली.

“माझं चुकलं,” खवणेकर म्हणाले. “आधी सांगायला हवं होतं. मी पण लहानपणी शिकलेलं विसरलोय अर्धं. तुमच्याबरोबर आठवतोय.”

ते खरं होतं. कधी कधी ते छातीठोकपणे सांगायचे, की आज तांबोशी लागणारच, आणि आम्ही ऊन चढेपर्यंत नुसते बसायचो. कधी ओहोटीचा अंदाज चुकायचा आणि चिखलात पोटरीपर्यंत रुतत कयाक ओढत आणाव्या लागायच्या. आम्ही फार बोलायचो असंही नाही. ते वळणदार घाटांबद्दल बोलायचे, बायको गेल्याबद्दल नाही. मी मिरजेबद्दल बोलायचे, आईबद्दल नाही. पण दोन माणसं आपापल्या दोऱ्या पाण्यात सोडून शेजारी शेजारी बसलेली असली, की गप्प बसणं वेगळं होतं, एवढं मला कळलं होतं. मिळालेले मासे ते घरी न्यायचे. मी रिकाम्या हाताने परत यायचे आणि तरी भरल्यासारखी.

पौषात एका दुपारी स्वप्नाली माझ्या दारात आली. पंचविशीची असेल. अंगावर मॅक्सी, त्यावर ओढणी. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

“बाई, बाबांक आता पाण्यात न्हेव नकात.”

मला आधी वाटलं, लोकांचं काही असेल. विधुर माणूस, एकटी बाई. मी ताठ झाले. “मी कोणाला नेत नाही. ते स्वतः येतात.”

“तेंच्या छातीत दुखलेला गेल्या वर्साक. कोल्हापूरला न्हेलेलो. डॉक्टरांनी सांगलेला, दम लागात असा काय करू नको. तेंनी तुमका सांगूक नाय?”

नव्हतं सांगितलं. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

“ह्यांची बोट रत्नागिरीक आसता. घरात मी एकटी. बाबा पाण्यात गेले की माझ्या हातापायात जीव रवणा नाय. ते येयसर मी भाकरी सुदिक करूक शकनंय नाय.” ती रागावलेली नव्हती. नुसती दमलेली होती. “तुमी बोलावतास म्हणान येतत ते. तुमी नाय म्हणालात तर येवचे नाय.”

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी खवणेकर काठावर आले तेव्हा मी सांगितलं, की आता बरोबर नको. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. कयाकच्या पुढच्या टोकावर त्यांनी हात ठेवला, जसा कोणी बसच्या बॉनेटवर ठेवेल, आणि म्हणाले, “ही तुमच्याकडेच राहू दे.” मग वळून घरी गेले. त्यानंतर दुकानात दिसले तरी आमचं बोलणं दूध आणि पावाइतकंच होऊ लागलं.

मी एकटी जाऊ लागले. पाणी तेच, जागा तीच, तंगूसही तोच. पण मासा लागला तरी वळून सांगायला शेजारी कोणी नव्हतं. मी आकडा सोडवायचे आणि मासा परत पाण्यात टाकायचे. घरी नेऊन करायचं काय.

ज्या दिवसाचं मला सांगायचं आहे, त्या सकाळी मी उजाडता उजाडता निघाले. थंडी होती. पाठीमागून, जमिनीकडून, कोरडा गार वारा येत होता आणि खाडीचं पाणी समुद्राकडे चाललं होतं. दोन्ही माझ्या बाजूने. वल्हं नुसतं टेकवलं तरी कयाक पळत होती. मला बरं वाटलं. इतके दिवस अंगाशी झगडून शिकलेली गोष्ट आता आपोआप होत होती.

खाडीच्या मुखाच्या अलीकडची आमची नेहमीची जागा आली, तिथे गरी टाकली आणि जवळजवळ लगेच काहीतरी मोठं लागलं. दांडी वाकली. तंगूस सरसर सुटू लागला. शेंगाळ्याचं ओढणं मला माहीत होतं, हे तसलं नव्हतं. कयाकचं तोंड वळलं आणि मी चक्क ओढली जाऊ लागले. मी सोडलं नाही. खोटं का सांगू, सोडायचं मनातही आलं नाही. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला इतक्या जोराने धरलं होतं. मी पाय रोवले, दांडी पोटाशी घेतली, थोडं गुंडाळलं, थोडं जाऊ दिलं. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग एका झटक्यात दांडी सरळ झाली. तंगूस तुटला होता.

मी मान वर केली. काजरखोल दिसत नव्हतं. दिसत होती ती सगळी किनारपट्टी, एका लांब हिरव्या रेघेसारखी, आणि तिच्यावर नुकता चढलेला सूर्य.

मी वळले आणि वल्हवू लागले. ऊन थेट डोळ्यांत. समोरून तोच गार वारा, जो मघाशी पाठीशी होता. वल्हं मारलं की कयाक जरा पुढे जायची, श्वास घ्यायला थांबलं की त्याहून मागे. मी न थांबता वल्हवत राहिले. तळहाताला फोड आले, फुटले, त्यात मीठ गेलं. रेघ आणखी बारीक झाली. नांगर म्हणून दोरीला बांधलेला दगड मी टाकला, तो तळाला पोचलाच नाही. दोरी उभी लोंबत राहिली.

एक मासेमारीची बोट दक्षिणेकडून आली, हाक ऐकू जाणार नाही पण माणसं दिसतील इतक्या अंतरावरून. मी वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवलं. पुढच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाने मला पाहिलं. त्यानेही हात वर करून हलवला, हसत असावा. पिवळी कयाक, नारिंगी जाकीट. त्याला वाटलं असणार, पर्यटक मजेत आहे. मी पुन्हा हलवलं, त्याने पुन्हा हलवला. मग बोट निघून गेली.

त्यानंतर मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि स्वस्थ बसले. भीती वाटत होतीच, पण ती वेगळ्या ठिकाणाहून आली. मी विचार करत होते, की आता कोणाच्या लक्षात येईल. दुकानदाराला वाटेल, आज दूध नको असेल. घरमालक मुंबईला. भाऊ दिवाळीला फोन करतो, आणि दिवाळी होऊन गेली. खवणेकर आता माझ्या घराकडे बघायचं टाळत होते, बघू नये म्हणून मीच तशी सोय केली होती. दाराला कुलूप होतं. बाहेरून पाहणाऱ्याला बाई कुठे गावाला गेली असेल, असंच वाटलं असतं. माझं नाहीसं होणं इतकं गैरसोयीविना झालं असतं. समुद्रापेक्षा मला त्याची धडकी भरली. मी तिथे, त्या रिकाम्या पाण्यावर, मोठ्याने म्हणाले, “मी इथे आहे.” आवाज अगदी नेहमीसारखा आला, टेलिफोनवर बोलायचा तसा. कोणाला सांगत होते कुणास ठाऊक.

ऊन डोक्याकडे सरकलं तसा वारा मंदावला आणि मग पडला. पाणी तेलासारखं झालं. मी पुन्हा वल्हं उचललं. हात उघडेना, मिटेना. पण आता मागे सरकत नव्हते, एवढं खरं. नंतर मानेच्या मागे काहीतरी दमट लागलं. खारा वारा सुटला होता, समुद्राकडून जमिनीकडे. त्याने मला हळूहळू आत ढकलायला सुरुवात केली, सरळ नाही, तिरकी, दक्षिणेकडे. मी नुसती दिशा धरून राहिले. रेघेचे माड झाले, माडांखाली वाळू दिसू लागली. ते आमचं गाव नव्हतं, डोंगराच्या पलीकडचा किनारा होता. लाटा फुटत होत्या तिथे कयाक आडवी झाली आणि मी पडले. पाय वाळूला लागले. जाकिटासकट रांगत मी बाहेर आले आणि पालथी पडून राहिले. किनाऱ्यावर कोणी नव्हतं.

कयाक ओढून मी केवड्याच्या बनात ठेवली आणि रस्त्यापर्यंत चालत गेले. एक टमटम थांबली. चालकाने माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहून विचारलं, “पोहायला गेला होतात?” मी हो म्हटलं. बाकी वाटभर तो गाणी ऐकत होता.

घरी आले. मोबाइल सकाळपासून चार्जिंगला लावलेला होता. उचलून पाहिला. एकही फोन येऊन गेलेला नव्हता. मी तशीच, वाळू भरलेल्या कपड्यांनी, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले. समुद्रात रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

मग उठले, हातांना फडकं गुंडाळलं आणि उजेड आहे तोवर खवणेकरांकडे गेले. एरवी मी मागच्या अंगणातून जायचे, कयाक तिथे असायच्या म्हणून. त्या दिवशी पुढच्या दाराने गेले. स्वप्नाली पडवीत तांदूळ निवडत होती. खवणेकर आत खुर्चीत होते, मला पाहून उभे राहिले.

मी एकटी जाऊन मासे परत पाण्यात सोडते, इथपासून जे झालं ते सांगितलं. लांबवलं नाही. खवणेकरांचा चेहरा मी बोलत असताना उतरत गेला.

“मतलई,” ते म्हणाले. “थंडीत सकाळी सुटतो तो वारा. बाहेर नेतो. आपण कधी मुखाच्या पुढे गेलो नाही, म्हणून मी...” ते खुर्चीत बसले. “मी आलो असतो तर तुम्ही गेलाच नसतात तिथे.”

“तुम्ही यायचं नाही,” मी म्हटलं. “त्यासाठी नाही आले मी.” मग मी स्वप्नालीकडे वळले, कारण जे सांगायचं होतं ते तिला होतं. “मी पाण्यावर जाणं सोडणार नाही. पण उद्यापासून जाताना तुझ्या दारात येऊन सांगून जाईन, आणि आले की आले म्हणून सांगेन. तू काही करायचं नाहीस. फक्त कोणाला तरी माहीत असावं.”

स्वप्नाली तांदळातून बोटं फिरवत राहिली. एक खडा काढून तिने अंगणात टाकला. मला वाटलं, ही नाही म्हणणार. तिच्या जिवाला आधीच एक घोर होता, त्यात मी दुसरा आणून ठेवत होते.

“परत कधी येतल्यात?” तिने विचारलं.

“काय?”

“उद्या. गेल्यावर परत कधी येतल्यात, ता सांगा. नुसता जातंय म्हणान कसा चलात.”

आई असेपर्यंत मी घराबाहेर पाऊल टाकलं, की आतल्या खोलीतून हाच प्रश्न यायचा. ऑफिसला जाताना, भाजीला जाताना, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातानासुद्धा. त्याचा मला इतका वैताग यायचा, की शेवटी शेवटी मी उत्तर न देताच दार ओढून घ्यायचे.

“खारा वारा सुटायच्या आत,” मी म्हणाले.

“उशीर झालो तर मी बाबांक सांगूचंय नाय. सरळ बंदरावरची बोट धाडतलंय.” तिने सूप खाली ठेवलं. “आणि मासो गावलो तर परत टाकू नकात. हय घेवन येवा.” मग माझ्या हातांकडे पाहून ती उठली आणि हळद आणायला आत गेली.

हाताच्या जखमा भरेपर्यंत मला वल्हं धरता आलं नाही. खवणेकरांनी कोणाच्या तरी टेम्पोतून कयाक परत आणवली. त्यानंतर ज्या सकाळी पहिल्यांदा निघाले, त्या सकाळी त्यांच्या दारात थांबून “जाते” म्हणाले. स्वप्नाली अंगण झाडत होती. तिने मान वर न करता “बरां” म्हटलं.

त्या दिवशी काहीच लागलं नाही. मुखाच्या बरीच अलीकडे बसून मी तंगूस भिजवत राहिले आणि ऊन तापायच्या आधी वळले. खाडीच्या वळणावरून काठ दिसू लागला. तिथे, कयाक ओढायच्या जागेशेजारी, एका उलट्या होडीवर स्वप्नाली बसलेली होती. मांडीवर निवडायच्या सुक्या मासळीची टोपली होती, पण हात चालत नव्हते. ती पाण्याकडे पाहत होती.

मी दिसले तशी ती उठली. मॅक्सीला लागलेली वाळू झटकली, टोपली कडेवर घेतली आणि घराकडे चालू लागली. हात हलवला नाही, हाक मारली नाही. मी वल्हं थांबवलं आणि ती आत जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग काठाला लागले, आणि आले म्हणून सांगायला गेले.